शिवजन्म १६२७ चा की १६३० चा?

शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे ६ एप्रिल १६२७. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांची जन्मतारीख म्हणून हीच सर्वत्र सांगितली जात होती. आधार बखरींचा. वर्णनं रसाळ, तपशील भरगच्च, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाच्या फारसं मनातही आलं नसावं.

मग कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातली शकावली उजेडात आली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत छापून प्रसिद्ध केली. शकावलीत ना नाट्य, ना अलंकार. तिथी आणि घटना, एवढंच. तिच्यात शिवजन्माची नोंद होती: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. जवळपास तीन वर्षांचा फरक!

बखरी अनेक आणि शकावली एकच. डोकी मोजायची तर बखरी जिंकतात. पण मल्हार रामराव चिटणीसांची बखर लिहिली गेली ती १८१० च्या आसपास, महाराजांच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. शिवाय एका बखरीतली चूक दुसरीत उतरली, तर साक्षीदार दोन होत नाहीत. जेधे मात्र खुद्द महाराजांच्या पदरचे. कान्होजी जेधे अफजलखानाच्या प्रसंगी त्यांच्या बाजूला ठाम उभे होते.

तरीही एकट्या शकावलीवर विसंबणं धोक्याचंच होतं. नक्कल करताना आकडा चुकू शकतो, घराणी स्वतःच्या सोयीनं लिहू शकतात. जदुनाथ सरकारांसारख्या जाणत्या इतिहासकाराचा कलही १६२७ कडेच राहिला. अशा वेळी कामाला आलं पंचांग. नोंदीत तिथीबरोबर वारही दिला होता, आणि गणितानं पडताळता येते ती अशीच नोंद. १९ फेब्रुवारी १६३० ला खरोखरच शुक्रवार येतो. एवढ्यानं जन्म सिद्ध होत नाही. पण मनानं रचलेल्या तारखेचा वार सहसा असा जुळत नाही.

पुढे तंजावरला कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’चं हस्तलिखित सापडलं. परमानंद महाराजांच्याच आश्रयाला होता. त्याच्या संस्कृत काव्यातही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयाच! राजस्थानात, जोधपूरच्या ज्योतिष्यांच्या संग्रहात मिळालेली कुंडलीही तीच तिथी दाखवते. कारी, तंजावर, जोधपूर अशा तीन ठिकाणांहून एकच तिथी पुढे यावी, ही बाब बखरींच्या संख्येपेक्षा कितीतरी वजनदार आहे. म्हणून बखरी टाकाऊ मात्र ठरत नाहीत. जुनी माणसं महाराजांकडे कशी पाहत होती, हे कळायला त्यांच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. फक्त तारखा त्यांना विचारू नयेत.

राज्य सरकारनं १९६६ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीत एकमत झालं नाही. १९ फेब्रुवारीवर अधिकृत शिक्का बसायला २००१ साल उजाडलं. ही तारीखसुद्धा त्या काळच्या ज्युलियन कालगणनेची. आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेनं मोजलं, तर तो शुक्रवार १ मार्च १६३० ला येतो.