मुलांना मोबाइलवरचे खेळ इतके का आवडतात?

भाताची लावणी आटोपल्यानंतरचे दिवस होते. शेणव्याच्या दवाखान्यात एक शेतकरी आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाचे डोळे लाल, डोके जड, रात्रीची झोप नाही. वडील म्हणाले, "डॉक्टर, याला डोळ्यांचे औषध नको. मोबाइल सुटेल असे काहीतरी द्या. पोरगा हातचा गेला."

मुलगा मान खाली घालून बसला होता. मी त्याला सहज विचारले, "कोणता खेळ खेळतोस रे?" त्याने मान वर केली आणि पाच मिनिटे न अडखळता बोलत राहिला. कोणत्या घरात लपायचे, साथीदार जखमी झाला तर त्याला कसे उठवायचे, सारे त्याने सांगितले. वडील बघतच राहिले. "घरी हा चार शब्द बोलत नाही," ते म्हणाले.

मला या वेळी घाई करायची नव्हती. काही वर्षांपूर्वी अशाच एका वडिलांना मी 'मोबाइल काढून घ्या' एवढाच सल्ला दिला होता. त्यांनी रागाच्या भरात तो फोडून टाकला. मुलगा घर सोडून गेला आणि दोन दिवसांनी कल्याण स्थानकावर सापडला. चूक माझी होती. ताप का आला हे न पाहता मी नुसता ताप उतरवायला गेलो होतो. म्हणून आज आधी कारण पाहू.

आपल्याकडे हे खेळ खरे पसरले ते सप्टेंबर २०१६ नंतर, इंटरनेट स्वस्त झाल्यावर. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मोबाइल मुलांच्या हातात गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने 'पबजी'वर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर'वर बंदी घातली. मुले दुसऱ्या नावाच्या तशाच खेळांकडे वळली. बंदी आली, पण आवड गेली नाही. असे का व्हावे?

आवडीची तीन कारणे

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाच्या मनाला तीन गोष्टींची भूक असते. आपल्याला काही जमते आहे ही जाणीव, आपले आपण ठरवण्याची मोकळीक आणि आपली माणसे. हे खेळ या तिन्ही भुका एकाच ताटात भागवतात.

पहिली गोष्ट जमण्याची. शाळेचा निकाल वर्षाने लागतो, भाताचे पीक चार महिन्यांनी हाती येते. खेळात दर दोन मिनिटांनी शाबासकी मिळते. शिवाय काम फार सोपे नसते आणि फार अवघडही नसते. जमेल न जमेल अशा बेताचे काम असले की माणूस तहानभूक विसरतो, हे मिहाय चिक्सेंटमिहाय या शास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे. आपण विटीदांडू खेळताना संध्याकाळ कशी व्हायची, आठवते ना?

दुसरी मोकळीक. मुलाने काय शिकावे, कुठे जावे, हे घर ठरवते. खेळात मात्र राजा तोच. हरला तरी कोणी रागावत नाही, लगेच नवा डाव.

तिसरी सोबत. एकाकी वाडीवर राहणारा मुलगाही रात्री चौघांच्या टोळीत असतो. तो गेला नाही तर तिघे खोळंबतात. 'माझी कुणाला तरी गरज आहे' ही भावना फार मोठी आहे.

गळाला मासा कधी लागेल?

याखेरीज एक चौथी गोष्ट आहे आणि धोका तिच्यात आहे. ओढ्याकाठी गळ टाकून बसणारा माणूस तासन्‌तास का उठत नाही? मासा नक्की केव्हा लागणार हे ठाऊक नसते म्हणून. बक्षीस ठरलेल्या वेळी मिळाले तर माणूस तेवढ्यापुरता येतो. केव्हाही मिळेल असे असले तर जागचा हलत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून हे सिद्ध केले होते. खेळातल्या बंद पेट्या, त्यातून अचानक निघणारी हत्यारे आणि पोशाख हा असाच गळ आहे.

अशा वेळी मेंदूत 'डोपामिन' नावाचे द्रव्य स्रवते. १९९८ साली लंडनच्या संशोधकांनी आठ पुरुषांना रणगाड्याचा व्हिडिओ खेळ खेळायला देऊन हे तपासले आणि खेळताना हे द्रव्य वाढल्याचे त्यांना आढळले. हे द्रव्य 'अजून एकदा' अशी ओढ लावते. ओढीला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पिकत असतो. सोळाव्या वर्षी घोडा दांडगा आणि लगाम कच्चा, अशी स्थिती असते.

आजार केव्हा म्हणायचा?

खेळणारी बहुतेक मुले आजारी नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळाच्या विकाराची नोंद केली आहे. त्याच्या खुणा तीन. खेळण्यावर ताबा न राहणे, जेवणखाण, झोप, अभ्यास यांच्यापेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे. हे साधारण बारा महिने चालले आणि घर, शाळा, कामधंदा बिघडला तर तो आजार. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा तर जुगारच. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे.

पालकांनी काय करावे?

चालू डाव मध्येच हिसकावू नका. किती डाव खेळायचे ते आधी मुलाशी बोलून ठरवा आणि ठरलेला डाव संपला की मोबाइल मागा. रात्री मोबाइल मुलाच्या उशाशी नको. पैसे भरण्याचा गुप्त क्रमांक त्याला सांगू नका. अभ्यासाचे लहान लहान तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला 'वा!' म्हणा. ती शाबासकी खेळ देतो, आपण विसरतो. मैदान, कबड्डी, मित्र यांची वाट मोकळी ठेवा. एक भूक बंद करायची तर दुसरे ताट वाढावे लागते. आणि मूल खाणेपिणे सोडू लागले, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर मारहाण न करता लगेच डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीअपरात्रीही लागतो.

त्या वडिलांना मी एकच काम सांगितले. "आठवडाभर रोज पंधरा मिनिटे त्याच्याशेजारी बसा आणि हा खेळ त्याच्याकडून शिका." ते हसले, पण बसले. महिन्याने दोघे पुन्हा आले. मुलगा अजून खेळतो, पण रात्री दहाला मोबाइल वडिलांकडे देतो. वडील म्हणाले, "डॉक्टर, मी पहिल्याच मिनिटाला मरतो. पोरगं खो-खो हसतं." त्या घरात बाप-लेकांचे असे हसणे बऱ्याच दिवसांनी ऐकू आले होते.