खोक्यातलं कार्ड, बिनखोक्याचं कार्ड

डहाणू-तलासरीकडे ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं की वाटा दोनच. डहाणू रोडहून गाडी धरून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा, नाहीतर हायवेने गुजरातची हद्द ओलांडून वापी गाठायची. दोन्हीकडे काउंटरवर एक प्रश्न ठरलेला: "बॉक्स पीस देऊ की ओईएम चालेल?" ओईएम स्वस्त असतं. मग सोबत आलेला जाणकार मित्र कोपर मारतो, "ओईएम म्हणजे डुप्लिकेट रे, नको घेऊस."

ओईएम म्हणजे डुप्लिकेट नव्हे. एनव्हिडिया आणि एएमडी चिप तयार करवून घेतात. ती बसवून कार्ड उभं करणाऱ्या कंपन्या वेगळ्या: आसुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर वगैरे. खोक्यात घालून दुकानात येतं ते रिटेल कार्ड. डेल, एचपी, लेनोव्हो यांनी आपल्या तयार कॉम्प्युटरसाठी ठोकात बनवून घेतलं ते ओईएम. त्यावर रंगीत दिवे नसतात, पंखा बहुधा एकच आणि साधा असतो, खोकं तर नसतंच. पण चिप अस्सल असते. खरा डुप्लिकेट माल वेगळाच. जुनाट जीटीएस ४५० सारख्या चिपवर खोटा बायोस चढवून 'जीटीएक्स १०५० टीआय' म्हणून खपवलेली कार्डं बाजारात येऊन गेली आहेत, आणि ती चकचकीत खोक्यातूनच आली. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर २०१८ पासून अशी बरीच कार्डं ओळखून नावाआधी 'फेक' असं दाखवतं. दुकानातच ते लावून बघायला सांगावं. दुकानदार कुरकुरला तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: नाव एक म्हणजे कार्ड एक. आरटीएक्स ३०५० घ्या. ८ जीबीच्या नेहमीच्या रिटेल कार्डात २५६० कोअर आहेत, त्याच नावाच्या ओईएम कार्डात २३०४. म्हणजे नाव तेच आणि माल दहा टक्क्यांनी कमी. मग ओईएम नेहमी कमीच का? तसंही नाही. जीटीएक्स ९६० च्या वेळी उलटं झालं होतं. रिटेलला १०२४ कोअर, ओईएमला १२८०, शिवाय मेमरीचा रस्ताही १२८ ऐवजी १९२ बिटांचा.

खोक्यातल्या मालावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांसाठी जीटी १०३० चं उदाहरण मला फार आवडतं. हे कार्ड २०१७ साली जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ ची आवृत्ती दुकानात ठेवली गेली, रीतसर रिटेल खोक्यात. पहिलीत मेमरीचा वेग सेकंदाला सुमारे ४८ जीबी, दुसरीत जेमतेम १७. खोक्यावर फरक दाखवणारी अक्षरं चारच, तीही बारीक. आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं रिटेल आरटीएक्स ३०५० पाहिलं तर त्यातही कोअर २३०४ च. तेव्हा बॉक्स की ओईएम हा प्रश्न बाजूला ठेवून आधी तीन गोष्टी विचारा: कोअर किती, मेमरी कुठल्या जातीची, रस्ता किती बिटांचा. जीपीयू-झेडच्या पहिल्याच पानावर तिन्ही दिसतात.

आता जोडणीचं. आपल्याकडे स्टुडिओत, डीटीपीच्या दुकानात, कॉलेजच्या पोरांकडे बऱ्याचदा कंपन्यांतून निघालेली सेकंडहँड मशीनं असतात: डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर. मशीनं दणकट आहेत, पण पॉवर सप्लाय छोटा, कॅबिनेट त्याहून छोटं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते, आणि या मशीनमध्ये ती अनेकदा नसतेच. मोठ्या खोक्यातलं तीन पंख्यांचं कार्ड घरी आणून ते आत मावत नाही असं कळण्यापेक्षा आधी पट्टी घेऊन मोजलेलं बरं. वर सांगितलेलं ६ जीबीचं ३०५० इथे उजवं ठरतं. ते ७० वॅटमध्ये भागवतं आणि बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही.

याउलट रेडिऑन आरएक्स ६४००. जानेवारी २०२२ मध्ये ते फक्त ओईएमसाठी जाहीर झालं, नंतर रिटेलमध्ये आलं. ५३ वॅट, छोटंसं, दिसायला जुन्या मशीनसाठीच बनवल्यासारखं. पण ते स्लॉटच्या चारच लेन वापरतं, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या जुन्या बोर्डवर त्याचा दम कमी पडतो. वर त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही. लग्नसराईत चार लग्नांचं एडिटिंग एकाच वेळी अंगावर आलेल्या स्टुडिओवाल्याने हे कार्ड घेतलं तर एक्स्पोर्टच्या वेळी एन्कोडिंगच्या कामात कार्डाचा काही हातभार लागणार नाही, ओईएम असो वा रिटेल.

काही ओईएम कार्डं मात्र दुसऱ्या मशीनमध्ये खरंच चालत नाहीत. इंटेलचं २०२१ चं आयरिस एक्सई डेस्कटॉप कार्ड ठरावीक मदरबोर्ड आणि खास बायोस असेल तरच चालायचं. असं कार्ड सुटं आणि स्वस्त मिळालं तर ते स्वस्त का आहे ते समजून घ्यावं.

ड्रायव्हरची भीती बहुतांशी फुकाची. डेस्कटॉपच्या ओईएम कार्डांना एनव्हिडिया किंवा एएमडीच्या साइटवरचा नेहमीचा ड्रायव्हर साधारणपणे चालतो. कार्डाचा बायोस अपडेट करायची वेळ आली तर तेवढ्यासाठी कॉम्प्युटर कंपनीकडे बघावं लागतं.

आणि ज्यावरून पुढे खरी भांडणं होतात ती वॉरंटी. ओईएम कार्डाची वॉरंटी कार्डाला नसते, ज्या कॉम्प्युटरमधून ते आलं त्या अख्ख्या कॉम्प्युटरला असते. कॉम्प्युटरसकट घेतलंत तर चिंता नाही, मात्र घरी येऊन दुरुस्ती ४०१६०२ किंवा ४०१६०६ या पिनकोडला मिळते का, ते पैसे देण्याआधी विचारा. तेच कार्ड काढून सुटं विकलं की मागे उभी राहणारी कंपनीच उरत नाही. उरतो तो दुकानदाराचा शब्द, आणि तो बिलावर लिहून घ्यायचा असतो. रिटेल कार्डावर भारतात बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते, पण ती सीरियल नंबरला बांधलेली असते. म्हणून जीएसटीचं बिल हवं आणि त्यावर तो नंबर हवा. १८ टक्के वाचवायला बिनबिलाचं रिटेल कार्ड घेणारा माणूस ओईएमवाल्याच्याच रांगेत येऊन उभा राहतो, फक्त जास्त पैसे मोजून.

वापीला घेतलं म्हणून तक्रारीसाठी गुजरातेत खेटे घालावे लागतील असं तलासरीत सर्रास बोललं जातं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार नेता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघावा. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं तीन वर्षं टिकतीलच असं नाही.