वाट जपानची, शिदोरी मराठीची

जपानी शिकायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते : मुंग्यांची रांग कागदावरून चालत गेल्यासारखी ती अक्षरे! मग ‘हे काही आपल्या वयात जमायचे नाही’ असा निकाल लागतो आणि विषय संपतो. मी गेली अनेक वर्षे नवशिक्यांना जपानी शिकवते. वर्गाच्या पहिल्या दिवशी तीस माणसे असतात, दिवाळीपर्यंत पंधरा उरतात. गळालेल्यांपैकी बुद्धीने कमी असे फारच थोडे. बाकीचे अडखळतात ते एका सवयीपायी. मनात मराठी वाक्य तयार होते, त्याचे ते आधी इंग्रजी करतात आणि मग इंग्रजीचे जपानी. पुण्याहून साताऱ्याला जायला कोणी नाशिकमार्गे निघाले तर दमणारच की!

सरळ रस्ता पाहा. “मी उद्या आईबरोबर बसने पुण्याला जाते,” हे आपले वाक्य. जपानीत ते असे : “वाताशि वा आशिता हाहा तो बासु दे पुने नि इकिमासु.” वाताशि म्हणजे मी, आशिता म्हणजे उद्या, हाहा म्हणजे आई. ‘तो’ म्हणजे बरोबर, ‘दे’ म्हणजे बसने मधला ‘ने’, ‘नि’ म्हणजे पुण्याला मधला ‘ला’ आणि शेवटी क्रियापद, जाते. मराठी वाक्य न हलवता त्यावर जपानी शब्द ठेवत गेलो, एवढेच. मध्ये आलेला ‘वा’ फक्त बोलण्याचा विषय दाखवतो. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत. शाळेत घोकलेल्या विभक्ती प्रत्ययांचा असा उपयोग होईल असे तेव्हा कोणाला वाटले होते?

आणि प्रश्न कसा विचारायचा? वाक्याच्या शेवटी ‘का’ लावून! “इकिमासु का?” म्हणजे “जाता का?” “छान हवा आहे, ना?” मधल्या ‘ना’च्या जागी जपानी माणूस ‘ने’ म्हणतो. मिरु म्हणजे पाहणे, आणि “ताबेते मिरु” म्हणजे “खाऊन पाहणे”. खाऊन ‘पाहायचे’ कसे हे इंग्रजीतून समजावताना घाम फुटतो, मराठी माणसाला समजावावेच लागत नाही. शिवाय क्रियापदाला लिंग नाही, वचन नाही. मी, तू, तो, ती, ते सगळ्यांना एकच ‘इकिमासु’. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाच्या मानाने आपण किती स्वस्तात सुटतो!

बाराखडीची बहीण

आता लिपीचे भय. जपानीत हिरागाना आणि काताकाना अशा दोन अक्षरमाला आहेत. प्रत्येकीत 46 मूळ अक्षरे. हिरागानातली अक्षरे गोलसर, काताकानातली कोनेदार. त्यांचा क्रम ऐका : आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंनी जपानमध्ये संस्कृतचा आणि सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्या परंपरेतून हा क्रम आला असे अभ्यासक मानतात. म्हणजे कवर्ग, तवर्ग, मग य-र-व अशी आपल्या वर्णमालेची सावलीच तिथे पडली आहे. आणि प्रत्येक ओळ म्हणजे का, कि, कु, के, को अशी छोटीशी बाराखडी.

रोज पाचच अक्षरे घ्या. दहा दिवसांत हिरागाना संपते. वहीत शंभर वेळा गिरवण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावा : शिओ म्हणजे मीठ, कोमे म्हणजे तांदूळ, मिझु म्हणजे पाणी. दिवसातून दहा वेळा मिठाचा डबा उघडला की ते अक्षर डोळ्यांत बसते. ‘त्सु’ या उच्चाराने हिंदी भाषक अडखळतात. आपण मात्र ‘चूल’ आणि ‘चूक’ मधला ‘चू’ म्हणायचा.

काताकाना हा तर कोड्यांचा खेळ आहे, कारण परदेशातून आलेले शब्द त्यात लिहितात. ‘तेरेबि’ म्हणजे टीव्ही, ‘पासोकोन’ म्हणजे पर्सनल कॉम्प्युटर. मोठ्याने, भराभर वाचले की शब्द आपोआप उलगडतो. त्यातलाच ‘पान’ म्हणजे आपला पाव. जपान्यांनी तो शब्द पोर्तुगीजांकडून घेतला आणि आपणही. उलट बाजूने आलेला शब्द म्हणजे रिक्षा. मूळ जपानी शब्द जिनरिकिशा : जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे शक्ती, शा म्हणजे वाहन.

भिंतीवरचे सात धडे

खरी धास्ती असते ती कांजीची, म्हणजे चीनहून आलेल्या चित्राक्षरांची. नित्य वापरासाठी ठरवलेली अक्षरे आहेत 2,136. आकडा ऐकून हातपाय गाळू नका. जपानी मूल पहिलीत फक्त 80 शिकते, आणि प्राथमिक शाळेची सहा वर्षे संपेपर्यंत 1,026. त्या मुलाला सहा वर्षे लागतात, मग आपल्यालाच घाई कशाला?

सुरुवात भिंतीवरच्या कालनिर्णयपासून करा. जपानी वारही आपल्यासारखेच ग्रहांवरून पडले आहेत. रविवार सूर्याचा, सोमवार चंद्राचा. मंगळ म्हणजे अग्नी, बुध पाणी, गुरू लाकूड, शुक्र सोने, शनी माती. या सात अक्षरांच्या चिठ्ठ्या वारांवर डकवल्या की सात वार येतात आणि सृष्टीतल्या सात वस्तूही. पुढे ही अक्षरे एकमेकांत मिसळू लागतात. एक झाड म्हणजे झाड, दोन झाडे म्हणजे राई, तीन झाडे म्हणजे अरण्य. सूर्य आणि चंद्र शेजारी बसले की उजेड. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. मुलांना हे गोष्टीसारखे सांगा, ती तुमच्या आधी शिकतील.

आकड्यांतही मुले बाजी मारतात. जपानीत ‘दहा-एक’, ‘दोन-दहा-पाच’ अशी मोजणी असते, म्हणून दहा शब्दांत नव्व्याण्णवपर्यंत जाता येते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आले तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता! मात्र जपानीत वस्तूच्या आकाराप्रमाणे मोजण्याचा शब्द बदलतो. चपट्या वस्तूंना ‘माइ’, लांबट वस्तूंना ‘होन’. तेव्हा पोळ्या लाटताना इचि-माइ, नि-माइ, सान-माइ आणि शेवग्याच्या शेंगा मोजताना इप्पोन, निहोन, सानबोन. धडा संपतो आणि स्वयंपाकही होतो.

नातवाची भाषा

माझ्या वर्गात एक आजी आहेत. लेक-जावई योकोहामात, नातू तिथल्या बालवाडीत. तो जपानीत बोलतो, मराठी समजते पण ओठांवर येत नाही. व्हिडिओवर तो काहीतरी उत्साहाने सांगतो आणि आजी नुसत्या हसतात. “त्याचं बोलणं माझ्या लेकीनं मला समजावून सांगायचं, हे मला नको,” असे त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्यांना परीक्षा द्यायची नाही, नोकरी करायची नाही. इंग्रजी जेमतेम, म्हणून त्या थेट मराठीतूनच जपानीत शिरल्या आणि वर्गातल्या इंजिनियरांच्या पुढे गेल्या.

त्यांची पहिली मैत्री झाली ती नादशब्दांशी. पाऊस धो धो पडला तर जपानीत ‘झाआ झाआ’, रिमझिम पडला तर ‘शितो शितो’. काळीज धडधडले तर ‘दोकि दोकि’, चांदणी लुकलुकली तर ‘किरा किरा’. पोटात कावळे ओरडू लागले तर ‘पेको पेको’. आजी-नातवाचे पहिले सलग संभाषण झाले ते या शब्दांवर. व्याकरण मागाहून आले.

अर्थात मराठी प्रत्येक वेळी वाट दाखवतेच असे नाही. र्‍हस्व-दीर्घाकडे आपण काणाडोळा करतो, जपानीत तो महागात पडतो. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. दुसऱ्याच्या आईला ‘ओकाआसान’ म्हणायचे, पण परक्याजवळ स्वतःच्या आईचा उल्लेख साधा ‘हाहा’. आणि दुसऱ्याच्या नावापुढे लावायचा ‘सान’ स्वतःच्या नावापुढे कधीही लावायचा नाही. शिनचान पाहून भाषा शिकणाऱ्या बाळगोपाळांना आणखी एक सूचना : कान तयार व्हायला कार्टून मूळ जपानीत जरूर ऐका, पण त्याच्यासारखे वडीलधाऱ्यांशी बोलू नका!

पद्धतशीर शिकायचे असेल तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे. गावी राहणाऱ्यांना एनएचके वर्ल्डचे विनामूल्य धडे घरबसल्या ऐकता येतात. 1984 साली सुरू झालेली जेएलपीटी ही परीक्षा 2010 पासून पाच पातळ्यांवर होते. सर्वांत सोपी एन-5. नोकरीसाठी ती द्यावी, पण लक्षात असू द्या की तिच्यात बोलण्याची चाचणी नसते. प्रमाणपत्र भिंतीवर आणि तोंडाला कुलूप, असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून रोज पाच मिनिटे तरी मोठ्याने बोला, मग ते आरशाशी का असेना.

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही. ते अशुभ वाटते, म्हणून ‘जाऊन येतो’ म्हणतो. जपानी माणूस उंबऱ्यावर म्हणतो, “इत्ते किमासु.” इत्ते म्हणजे जाऊन, किमासु म्हणजे येतो. आतून उत्तर येते, “इत्ते इराश्शाइ,” जाऊन या. उद्या सोमवार. डबा घेऊन दाराबाहेर पडताना एवढे एकच वाक्य म्हणून पाहा. आतून उत्तर देणाऱ्यालाही शिकवून ठेवा, म्हणजे घरात एकाच्या जागी दोन विद्यार्थी होतील.