चेतक चालू होत नाही तेव्हा

आकुर्डीच्या कारखान्यात बजाजने १९६० च्या दशकात इटलीच्या पियाज्जियो कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवल्या. तो परवाना संपल्यावर, १९७२ मध्ये, चेतक आली. पत्र्याचा अखंड सांगाडा, डाव्या मुठीत चार गिअर, मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला १४५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली ही गाडी अनेक मराठी घरांतलं पहिलं वाहन होतं. तिचं उत्पादन थांबूनही आता बराच काळ लोटला. २०२० पासून त्याच नावाची विजेवरची स्कूटर विकली जाते. जुन्या चेतक मात्र सोसायट्यांच्या जिन्याखाली, वाड्यांच्या पडवीत धूळ खात उभ्या आहेत. किक मारून दमलेले मालक त्यांना भंगारात काढतात, तेव्हा वाईट वाटतं. कारण चालू न होणारी चेतक आपला बिघाड लपवत नाही. योग्य क्रमाने विचारलं, तर ती उत्तर देते.

हा क्रम जुने मेकॅनिक पाळत आले आहेत: पेट्रोल येतंय का, करंट येतोय का, कॉम्प्रेशन आहे का. तिन्ही ठीक असतील आणि ठिणगी वेळेवर पडत असेल, तर इंजिनाला चालू व्हावंच लागतं. पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल एकच वस्तू देते. ती म्हणजे स्पार्क प्लग.

उजवीकडचं फुगीर पॅनल काढायचं, प्लगची टोपी ओढायची आणि प्लगपान्याने प्लग सोडवायचा. आता तो उजेडात धरून नीट बघायचा. टोक कोरडं ठणठणीत असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. ओलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचलंय पण पेटत नाही, किंवा नको इतकं पोचलंय. काळं, तेलकट दिसत असेल, तर पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडतंय किंवा इंजिनाचं ऑइल सील गेलंय. फिका विटकरी रंग निरोगी इंजिनाचा.

चेतक बंद पडली की ती एका अंगावर तिरकी करायची, ही रीत सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यात तथ्य आहे: टाकीच्या कोपऱ्यात साचलेलं थोडंसं पेट्रोल त्यामुळे तोटीकडे सरकतं. पण प्लग आधीच ओला असेल, तर तिरकी करून काहीच साधत नाही. म्हणून आधी प्लग, मग उपाय.

प्लग कोरडा निघाला, तर वाट टाकीपासून खाली शोधायची. पेट्रोलचा कॉक बंद तर नाही? कार्बोरेटरकडची नळी काढून कॉक उघडला की धार लागली पाहिजे. धार असूनही प्लग कोरडा राहिला, तर दोष कार्बोरेटरमध्ये. महिनोन्महिने उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि त्यात मिसळलेलं ऑइल चिकट थर होऊन मागे राहतं. केसाएवढ्या भोकाचा जेट तेवढ्याने बुजतो. तो पेट्रोलमध्ये धुऊन हवेने फुंकावा. तारेने कोरला तर भोक मोठं होतं आणि गाडीचं मिश्रण कायमचं बिघडतं. आजचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या व वॉशरना सोसत नाही. म्हणून बराच काळ उभी करायची गाडी टाकी व कार्बोरेटर रिकामे करूनच ठेवावी.

प्लग ओला निघाला, तर कॉक बंद करून, प्लग बाहेर असतानाच पाचसहा किका मारून सिलिंडर कोरडा करावा. मग करंट बघायचा. सांडलेलं पेट्रोल पुसून, वाफ निघून जाऊ द्यावी. प्लग टोपीत बसवावा, त्याचा धातूचा भाग प्लगच्या भोकापासून दूर इंजिनाला टेकवावा आणि किक मारावी. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळट, मरगळलेली ठिणगी उघड्यावर दिसते, पण सिलिंडरच्या दाबाखाली विझते.

इथे जुन्या चेतकचा मोठा गुण कामाला येतो. तिचं इग्निशन बॅटरीवर अवलंबून नाही. फ्लायव्हीलमधला मॅग्नेटोच वीज तयार करतो. म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून पळवत नेलेली गाडी क्लच सोडताच चालू होते. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग लावून बघावा. मग फ्लायव्हीलवरचं कव्हर काढून, फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट तपासावेत. पॉइंटांवर काजळी असेल तर पॉलिश पेपरची पट्टी फिरवावी. फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत असावी. साफ केलेले पॉइंट पुन्हा लवकर जळत असतील, तर कंडेन्सर गेला. थंड असताना चालणारी आणि तापल्यावर बंद पडून न उठणारी गाडी बहुधा कंडेन्सर नाहीतर कॉइलकडे बोट दाखवते. नंतरच्या गाड्यांत पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं; तिथे ही साफसफाई नाही.

पेट्रोल आणि करंट दोन्ही ठीक असूनही गाडी गप्प असेल, तरच कॉम्प्रेशनचा विचार. किक पायाखाली पोकळ जात असेल, तर रिंग किंवा पिस्टन झिजलाय. किक भक्कम लागूनही इंजिन गुदमरत असेल, तर सायलेन्सर बघावा. लिटरला २० मिलिलिटर ऑइल जाळणाऱ्या इंजिनात वर्षानुवर्षांचा कार्बन साचून धुराची वाट अडते.

यातलं बहुतेक काम एक प्लगपाना, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरवर होतं. अवघड आहे तो संयम: न बघता कार्बोरेटर न खोलण्याचा, न तपासता कॉइल न बदलण्याचा. हा क्रम पाठ असलेले मेकॅनिक आता वयस्क झाले आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकायला येणारी मुलं नव्या गाड्यांकडे वळली आहेत. ज्यांच्याकडे चेतक उभी आहे, त्यांनी ती विकण्याआधी अशा एखाद्या मेकॅनिकला घरी बोलवावं आणि तो काम करत असताना शेजारी उभं राहून कारण विचारावं. गाडी दुरुस्त होईलच, पण पुढच्या वेळी प्लग काढून बघायला आपणही शिकलेले असू.