संगणकाची उतरंड

संगणक हा विज्ञान शाखेचा विषय, आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना त्याचे काय, असा एक समज आहे. परंतु त्यातील एक गोष्ट अशी आहे, की ती समजण्यास कीर्तन ऐकण्याची सवय पुरते. ती गोष्ट म्हणजे ‘कॉल स्टॅक’ आणि त्याचा उलगडा.

आमच्या उंद्रीकडे सप्ताहात बुवा निरूपणासाठी एक अभंग घेतात. एका चरणाचा अर्थ सांगताना दृष्टांत देतात. दृष्टांतात एखाद्या राजाचे नाव येते आणि त्या राजाची कथा सुरू होते. ती संपली की बुवा दृष्टांताकडे येतात, दृष्टांत संपला की चरणाकडे. शेवटी सुरू झालेली कथा आधी संपते. सोडलेली जागा बुवांच्या ध्यानात राहिली नाही, तर अभंग अर्धाच राहील.

संगणकाचेही तसेच आहे. मोठा प्रोग्रॅम लहान लहान कामांचा बनलेला असतो. त्यांना ‘फंक्शन’ म्हणतात. एक फंक्शन दुसऱ्यास बोलावते, दुसरे तिसऱ्यास. दर वेळी ‘परत कोठे यावयाचे’ ही खूण स्मृतीत एकावर एक रचली जाते. हीच उतरंड; वरचे मडके उतरविल्याखेरीज खालचे हाती लागत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९४६ मध्ये या क्रियांना ‘पुरणे’ व ‘उकरणे’ अशा अर्थाचे शब्द वापरले होते. जर्मनीच्या बाउअर आणि सामेलझोन यांनी १९५७ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांचा शब्द होता ‘तळघर’.

आता प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर? समजा, एका फंक्शनला वर्गाच्या गुणांची सरासरी काढावयाची आहे आणि विद्यार्थ्यांची संख्या त्याला शून्य मिळाली. भागाकार तेथेच अडेल. पण शून्य पाठविणारा खालच्या मडक्यात आहे. तो सापडण्यासाठी वरून खाली, एकेका बोलावणाऱ्याचा माग काढावा लागतो. यालाच स्टॅक उलगडणे म्हणतात.

हे काम वाटते तितके सोपे नाही. प्रत्येक मडक्यात खालच्या मडक्याचा पत्ता ठेवण्याची एक रीत आहे. पण वेग वाढावा म्हणून तो पत्ता पुष्कळदा गाळला जातो. मग कंपायलरने मागे ठेवलेले तक्ते वाचूनच कोणते मडके कोठे संपते ते ठरवावे लागते, आणि प्रत्येक प्रोसेसरची तऱ्हा निराळी. या शतकाच्या आरंभी एच.पी. कंपनीतील डेव्हिड मोसबर्गर यांनी यासाठी ‘लिबअनवाइंड’ ही सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे कोणालाही वापरता येईल असा तयार संच, रचली. २००१ मध्ये बाजारात आलेला इटेनियम प्रोसेसर आणि लिनक्स ही तिची पहिली भूमी. पुढे ती इतर प्रोसेसरांवरही गेली. आरंभीच्या आवृत्त्यांचे क्रमांक ०.९८ असे, एकाच्या आतले होते. काम अजून पुरे झालेले नाही, याची ती प्रांजळ कबुलीच होती. तिची रीत साधी आहे: वरच्या मडक्यावर बोट ठेवावे, ‘एक पायरी खाली’ म्हणावे, तेथे काय आहे ते पाहावे, आणि तळ लागेपर्यंत असेच चालावे.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या पानावर अडला. मुदतीचा शेवटचा दिवस होता. अर्ज भरून देणाऱ्या मुलावर मी चिडलो. त्याने शांतपणे एकेक पान मागे नेले. पहिल्या पानावर माझे नाव मी दाखल्याहून एका अक्षराने निराळे सांगितले होते. अर्ज वेळेत गेला. मी मात्र ओशाळलो.

जेथे गाडी अडते तेथे जो उभा असतो, त्याच्यावर आपण दोष ठेवतो. इतिहासाच्या तासाला आपण परिणामांवरून कारणांकडे जावयास शिकतो; यंत्रालाही तेच शिकवावे लागले. ‘चुकले कोणाचे?’ हे विचारण्याआधी ‘येथवर आलो कसे?’ हे विचारावे, एवढा धडा ही उतरंड आपणा सर्वांना देते.

— बी.ए. भाग २ चा एक विद्यार्थी