उन्हाळ्यातील रानफुले : एक परिसरपाठ



उन्हाळा, डोंगर आणि रानफुले हे शब्द एकत्र आले की हिमालयाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. उत्तराखंडातील ‘फुलांची दरी’ हे १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान असून २००५ पासून तिची गणना जागतिक वारसास्थळांत होते. तेथे हिवाळाभर बर्फ असते. ते वितळले की थंडी परतण्यापूर्वी लहान वनस्पती घाईने फुलतात व बी धरतात.

वडशाच्या मुलांना ही दरी चित्रात दाखवावी. परंतु पाठ तेथेच संपवू नये. वैनगंगेकाठच्या भातखाचरांकडून कुरखेडा-कोरचीच्या डोंगरांकडे पाहिले असता चैत्रात निष्पर्ण झालेल्या रानात जागोजाग रंग दिसतात. तेथे अडचण थंडीची, येथे पाण्याची. ऋतू ओळखून फुलणे मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते. जमिनीतील ओल कमी झाली की आपल्या रानातील बहुतेक झाडे पाने गाळून तो खर्च आवरतात. पानांचा आडोसा नसल्याने फुले दुरून दिसतात व पाखरांना सापडतात. पळसाचे वक्र, केशरी फूल पोपटाच्या चोचीसारखे दिसते. संस्कृतातील ‘किंशुक’ या नावाचा अर्थच ‘हा पोपट तर नव्हे?’ असा सांगतात. त्यातील मधासाठी सूर्यपक्षी व मैना येतात. मोह रात्री फुलतो. त्याच्याकडे वटवाघळे येतात आणि पहाटे मांसल फुले खाली गळतात. मोहाचे बी पावसाच्या सुमारास पडते. ते फार दिवस रुजण्याजोगे राहत नाही, म्हणून ही वेळ त्याला सोयीची ठरते. बहाव्याची रीत निराळी आहे. त्याच्या शेंगेला पिकण्यास बराच काळ लागतो. म्हणून एकाच झाडावर यंदाचे पिवळे घोस व गतवर्षीच्या काळ्या शेंगा दाखविता येतात.

मोहाच्या हंगामात वर्गातील जागा रिकाम्या दिसू लागतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. मूल फुले वेचण्यास गेले म्हणून त्यास रागावू नये. त्या वेचणीवर घरातील मीठमिरची चालते. ते परत आल्यावर त्याने पाहिलेले वर्गास सांगू द्यावे : फुले केव्हा गळू लागली, कोणत्या झाडाची अधिक पडली, कोणती पाखरे आली. वजन, भाव व वाळल्यावर होणारी घट यांवर गणिते द्यावीत. अशा मुलास शाळा परकी वाटत नाही.

एक गोष्ट मात्र आग्रहाने शिकवावी. फुले चटकन दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटविण्याची चाल आहे. ही आग पसरून वणवा होतो. त्यात मोहाची लहान रोपे जळतात. जुने झाड उभे राहते, पण त्याच्या जागी येणारे झाड उरत नाही. पाला खराट्याने झाडावा किंवा झाडाखाली जुने लुगडे अथवा जाळी पसरावी. फुले स्वच्छ मिळून भावही बरा येतो. मुलांनी हे घरी सांगावे आणि शिक्षकांनी ग्रामसभेत मांडावे.

सहलीसंबंधी सूचना :

१. सकाळच्या शाळेतच निघावे व उन्हे चढण्यापूर्वी परतावे. प्रत्येकाजवळ पाणी असावे.

२. दाट जंगलात जाऊ नये. या भागात वाघांचा वावर आहे आणि २०२१ पासून रानहत्तीही आले आहेत. वनरक्षकांना विचारूनच वाट ठरवावी. गावालगतची व बांधावरची झाडे या पाठास पुरेशी आहेत.

३. फुले तोडू नयेत, गळलेलीच उचलावीत.

४. प्रत्येक मुलाने एक झाड निवडून पानगळ, कळी, फूल व फळ यांचे दिनांक वहीत नोंदवावेत. वही पुढील वर्गास सोपवावी.

चारपाच वर्षांच्या अशा वह्या शाळेत जमल्या की कोणते झाड कोणत्या वर्षी लवकर फुलले हे मुले स्वतः पडताळतील. त्या नोंदींत एखादे नवे रोपही वाढताना दिसावे, यासाठी यंदाच्या हंगामापासूनच आरंभ करावा.