सुस्पष्ट चित्राची साखळी : रायपूरच्या घरातील एचडी दूरचित्रवाणी

भारतातील उपग्रह दूरचित्रवाणीच्या इतिहासात रायपूरचे नाव अगदी प्रारंभापासून आढळते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग देशातील सहा राज्यांत राबविण्यात आला. सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. तेव्हाच्या मध्य प्रदेशातून या प्रयोगासाठी निवडलेल्या भागात रायपूरचा समावेश होता. अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहावरून येणारे संकेत टिपण्यासाठी प्रत्येक गावात तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री उभारलेली असे. सारे गाव एका संचासमोर बसून शेती, आरोग्य व शिक्षण या विषयांवरील कार्यक्रम पाहत असे. प्रयोग संपल्यानंतर १९७७ मध्ये रायपूर येथे भूप्रक्षेपण सुरू झाले.

आज त्याच परिसरात घराघरांच्या गच्चीवर जेमतेम ६० सेंटिमीटर व्यासाच्या छत्र्या दिसतात आणि दिवाणखान्यात सपाट पडद्याचे संच आले आहेत. तथापि, संचावर ‘एचडी’ अशी मुद्रा असली म्हणजे पडद्यावरील चित्रही एचडी असते, असे नाही. कार्यक्रमाचे प्रक्षेपण, ते घरापर्यंत आणणारी व्यवस्था, सेट-टॉप बॉक्स, जोडणीची तार, संच आणि पाहणाऱ्याचे पडद्यापासूनचे अंतर या साखळीतील एकही कडी दुबळी राहिली, तरी संचासाठी मोजलेला पैसा बव्हंशी वाया जातो. म्हणूनच खरेदीपूर्वी ही साखळी समजून घेणे अगत्याचे आहे.

एचडी म्हणजे नेमके काय?

दूरचित्रवाणीचे चित्र असंख्य सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते. भारतात रूढ असलेल्या सर्वसाधारण दर्जाच्या, म्हणजे एसडी, प्रक्षेपणात आडवे ७२० व उभे ५७६ असे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू असतात. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. याचा अर्थ चित्रातील तपशील पाचपट होतो. शिवाय, जुन्या चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण ४:३ होते, ते एचडीमध्ये १६:९ असे विस्तारले आहे. क्रिकेटच्या मैदानावरील चेंडू, नकाशावरील बारीक नावे, बातमीपत्राच्या तळाशी सरकणारी अक्षरे यांत हा फरक ठळकपणे जाणवतो.

बाजारात ‘एचडी रेडी’ व ‘फुल एचडी’ अशा दोन संज्ञा आढळतात. ३२ इंची संचांपैकी पुष्कळ संच ‘एचडी रेडी’ असून त्यांचा पडदा साधारणतः १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा असतो. ते एचडी संकेत स्वीकारतात, परंतु चित्रातील सर्व बिंदू दाखवू शकत नाहीत. खरेदीच्या वेळी जाहिरातीतील शब्दांपेक्षा खोक्यावर छापलेली बिंदूंची संख्या वाचावी.

संच केवढा असावा?

मानवी डोळ्याच्या क्षमतेला मर्यादा आहे. एचडीचा सर्व तपशील दिसण्यासाठी प्रेक्षकाने पडद्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावर बसावे, असा सर्वमान्य दंडक आहे. त्यानुसार हिशेब केल्यास ३२ इंची संचासाठी सुमारे १.२ मीटर, ४३ इंचीसाठी १.६ मीटर, तर ५५ इंचीसाठी सुमारे २ मीटर अंतर येते. दहा फुटांवर बसून ३२ इंची पडदा पाहिल्यास एसडी आणि एचडी यांतील भेद डोळ्यांना फारसा जाणवत नाही. तेव्हा प्रथम खोलीचे माप घ्यावे आणि नंतर संच निवडावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे मोठ्या संचाकडे वळणे पूर्वीच्या तुलनेत सुलभ झाले आहे. मात्र मोठा पडदा वीजही अधिक वापरतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या पट्टीवरील ताऱ्यांची संख्या पाहूनच निर्णय घ्यावा.

घरापर्यंत येणारे मार्ग

केबल दूरचित्रवाणीच्या अंकीकरणासाठी संसदेने २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. महानगरे आणि त्यानंतर ३८ मोठी शहरे यांच्यापाठोपाठ तिसऱ्या टप्प्यात उर्वरित नागरी भागाचा क्रम लागला. रायपूर याच टप्प्यात मोडते. त्यासाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत ठरविण्यात आली होती. अंकीय केबलद्वारे एचडी वाहिन्या पाहण्यासाठी केबल चालकाकडून स्वतंत्र एचडी सेट-टॉप बॉक्स घ्यावा लागतो.

दुसरा मार्ग डीटीएचचा. यातही खासगी सशुल्क सेवा आणि प्रसार भारतीची निःशुल्क सेवा असे दोन प्रकार आहेत. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली सेवा आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. छत्री व सेट-टॉप बॉक्स यांचा एकदाच खर्च केला की मासिक शुल्क भरावे लागत नाही. या सेवेतील काही वाहिन्या एमपीईजी-२ आणि काही एमपीईजी-४ या पद्धतीने संकुचित करून पाठविल्या जातात. जुना, केवळ एमपीईजी-२ ओळखणारा बॉक्स दुसऱ्या प्रकारच्या वाहिन्या दाखवू शकत नाही. म्हणून नवा बॉक्स घेताना तो एमपीईजी-४ व एचडी या दोहोंना अनुकूल असल्याची खात्री करावी.

तिसरा मार्ग इंटरनेटचा. एचडी चित्र अखंड दिसण्यासाठी सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट इतका स्थिर वेग लागतो. या वेगाने एका तासात सव्वादोन गिगाबाइटच्या आसपास डेटा खर्च होतो. तारेच्या ब्रॉडबँड जोडणीवर हे परवडते. मोबाइलच्या दैनंदिन डेटावर मात्र एक चित्रपटही पूर्ण होणे कठीण असते. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ह्ज’ हा स्वतःचा इंटरनेट मंच सुरू केला असून दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावरही पाहता येतात.

छत्रीची दिशा आणि पावसाळा

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. फ्री डिशचे प्रक्षेपण ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. रायपूर सुमारे २१.२५ अंश उत्तर अक्षांशावर व ८१.६ अंश पूर्व रेखांशावर वसले आहे. या आकड्यांवरून गणित केल्यास रायपूरहून हा उपग्रह दक्षिणेच्या सुमारे ३० अंश पूर्वेस आणि क्षितिजापासून सुमारे ६२ अंश उंचीवर येतो. म्हणजे छत्रीसमोर आग्नेय-दक्षिण दिशेचे आकाश मोकळे हवे. त्या बाजूला आंब्याचे झाड अथवा शेजारची उंच इमारत असल्यास छत्रीची जागाच बदलावी लागते. अन्य कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या रेखांशांवर असल्याने त्यांच्यासाठी दिशाही वेगळी येते.

डीटीएचसाठी वापरल्या जाणाऱ्या केयू पट्ट्यातील लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. छत्तीसगडसारख्या भरघोस पावसाच्या प्रदेशात याचा अनुभव दरवर्षी येतो. अंकीय प्रक्षेपणात चित्र हळूहळू धूसर होत नाही. संकेत एका मर्यादेखाली गेला की चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि ते गोठते. छत्री अचूक रोखलेली असेल, तर संकेताची काही शिल्लक राहते आणि मध्यम सरी निभावून जातात. यासाठी पावसाळ्यापूर्वी छत्रीचे नटबोल्ट घट्ट करावेत, एलएनबीच्या जोडापाशी पाणी शिरू नये म्हणून तो भाग नीट आच्छादावा आणि गंजलेली कोअॅक्सियल केबल बदलावी. छत्रीच्या खांबास अर्थिंग देणे व विजांच्या कडकडाटात संचाचे प्लग काढून ठेवणे हेही हितावह ठरते.

विस्मृतीत जाणारी कडी : तार

लाल, पांढऱ्या व पिवळ्या टोकांची जुनी तार एचडी चित्र वाहून नेऊ शकत नाही. बॉक्स एचडी, संच एचडी, परंतु मधली तार मात्र जुनी, अशी स्थिती अनेक घरांत आढळते आणि मग पडद्यावर एसडी चित्रच दिसते. बॉक्स व संच एचडीएमआय तारेनेच जोडावेत. त्यानंतर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा १०८० आणि प्रमाण १६:९ असे ठेवावे. माणसे रुंद वा ठेंगणी दिसू लागली, तर प्रमाणाची निवड चुकली आहे असे समजावे. वाहिनी मुळात एसडी असेल, तर संच ते चित्र ताणून मोठे करतो. मूळ प्रक्षेपणात नसलेला तपशील तो निर्माण करू शकत नाही. म्हणून वाहिनीच्या नावापुढे ‘एचडी’ लिहिले आहे का, हेही पाहावे.

निवड ग्राहकाची

१ फेब्रुवारी २०१९ पासून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या दररचनेनुसार प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करणे बंधनकारक झाले आणि वाहिन्या सुट्या निवडण्याचा हक्क ग्राहकास मिळाला. जोडणी शुल्काच्या हिशेबात त्या वेळी एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांइतकी धरण्यात आली. या शुल्कावरील कमाल मर्यादा २०२४ मध्ये काढण्यात आली. त्यामुळे शुल्क किती आणि त्यात किती वाहिन्या, हे वितरकाकडून आधीच विचारून घेणे आवश्यक आहे. एकच वाहिनी एसडी व एचडी अशा दोन्ही रूपांत घेतल्यास दुहेरी भुर्दंड पडतो, याकडेही लक्ष द्यावे.

रायपूरमध्ये तात्यापारासारख्या जुन्या वस्त्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. स्थानिक पॅकेज हिंदी वाहिन्यांभोवती बेतलेले असल्याने मराठी वाहिन्या त्यांना बहुधा स्वतंत्रपणे मागून घ्याव्या लागतात. सुट्या निवडीची तरतूद अशा भाषिक कुटुंबांना विशेष उपयुक्त आहे. दूरदर्शनची ‘सह्याद्री’ वाहिनी तर फ्री डिशवर विनाशुल्क उपलब्ध आहे. त्याच छत्रीवर २०१९ मध्ये ‘डीडी छत्तीसगड’ही दाखल झाली. घरातील आजीला मराठी आणि शाळकरी नातवंडांना ‘पीएम ई-विद्या’च्या वर्गनिहाय वाहिन्या हव्या असतील, तर मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाने महागड्या एचडी पॅकेजपूर्वी या पर्यायाचा विचार अवश्य करावा.

समारोप

साइट प्रयोगात तंत्रज्ञ गावोगाव जाऊन छत्री रोखून देत आणि संच दुरुस्त करीत. आज संच घरोघरी आला, तशी ही दक्षता ग्राहकाकडे आली आहे. खोलीचे माप, मोकळे आकाश, एमपीईजी-४ एचडी बॉक्स, एचडीएमआय तार आणि गरजेपुरत्या वाहिन्या या पाच बाबी याच क्रमाने तपासल्या, तर साधारण उत्पन्नाच्या घरातही सुस्पष्ट चित्र वाजवी खर्चात येऊ शकते. शेतीविषयक सल्ला असो, हवामानाचा नकाशा असो वा फळ्यावरील गणित असो, पडद्यावरील अक्षर वाचता आले तरच दूरचित्रवाणीचा माहितीचे साधन म्हणून खरा उपयोग होतो.